शब्दांचा लिलाव

मुरूड तालुका, जि. रायगड
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू हसत विचारलंस, "काय रे मास्तर, शाळेत शब्दांचा लिलाव मांडलायस म्हणे?" मी हो म्हणालो आणि नेमकी रेंज गेली. लेकीचं जे सांगत होतास तेही अर्धंमुर्धंच कानावर आलं. रोज रात्री ती स्पेलिंगचं पुस्तक घेऊन बसते, स्पर्धा तोंडावर आलीये आणि एक अक्षर चुकलं तरी डोळ्यांत पाणी येतं, एवढं कळलं. दोन्ही गोष्टींचं उत्तर मला एकाच जागी सापडेल असं वाटतंय, म्हणून सावकाश लिहायला बसलोय. आज सुट्टी आहे, बाहेर सरी येतायत-जातायत. तूही चहा घेऊन बस.

आमची शाळा तुला माहीत आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, पहिली ते चौथीचे वर्ग आणि आम्ही दोघं शिक्षक. निम्मी मुलं कोळीवाड्यातली, निम्मी आगरी वस्तीवरची. घरी त्यांचं पाणी ‘पानी’ असतं, डोळा ‘डोला’ असतो आणि गाडी ‘गारी’ असते. त्या बोलीला मी चूक म्हणत नाही आणि कुणाला म्हणू देत नाही. इथून वर कोर्लईला तर काही घरांत पोर्तुगीज मुळाची बोली अजून बोलतात, या किनाऱ्याला बोलींचं काय नवल! पण पुस्तकातली मराठी लिहायची वेळ आली की आमच्या पोराला ण की न, ळ की ल, ड की र हे सगळं नव्यानं ठरवावं लागतं. पुण्याच्या पोराला त्यातलं निम्मं घरबसल्या मिळालेलं असतं.

ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र पुण्यालाही फुकट मिळत नाही. तू आत्ता मोठ्यानं ‘फूल’ म्हण आणि मग ‘फुलाला’ म्हण. पहिल्यात दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व असं कानाला स्वच्छ ऐकू येतं का? बहुतेकांना येत नाही. आपल्या बोलण्यात तो फरक जवळजवळ पुसलाय, लिहिण्यात तेवढा राहिलाय. तो शब्दाच्या घडणीवरून ठरतो, आणि म्हणून "नीट ऐका म्हणजे नीट लिहाल" हा आपल्या गुरुजींचा उपदेश अर्धाच कामाचा होता. श्रुतलेखन घेतलं की कोण चुकलं ते मला कळतं, पण चुकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. वहीवर लाल गोल येतो, तो शब्द पाच वेळा लिहितो, आणि पाचव्या वेळी पुन्हा जुनाच लिहितो. तू लिहायचास तसा!

आणि नियम तरी किती शिकवायचे? साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ला आलेले चार, असे अठरा. प्राथमिकला मी चारच धरतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, ‘आणि’ वगैरे मोजके सोडून. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ, म्हणजे मीठ, पूल, शीड, विहीर. त्याला पुढे काही चिकटलं की तोच ऱ्हस्व होतो : मिठाचा, पुलावर, शिडाला, विहिरीत. आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या हिशेबातून वेगळे ठेवायचे : मंदिर, गुण, विष. सरकारच्या २०२१च्या योजनेचं नाव आमच्या भिंतीवर रंगवलंय, ‘निपुण भारत’, तो निपुणही त्यातलाच. भिंतीवर आहे म्हणून पोरं तो बरोबर लिहितात. वहीत स्वतःहून लिहायला सांगितला की ‘निपूण’.

आता खेळाकडे येतो.

तळ्यात-मळ्यात आठवतं ना? पडवीत खडूनं एक रेघ मारायची, अलीकडे ऱ्हस्व, पलीकडे दीर्घ. मी शब्द आणि त्यातलं अक्षर सांगतो, पोरं उडी मारतात. नुसता असा खेळला तर हा खेळ फसवा आहे. सगळे एका डोळ्यानं हुशार पोरीकडे बघतात आणि ती उडेल तिकडे उडतात. शिवाय डोळे मिटून उडी मारली तरी निम्म्या वेळा बरोबरच येते. म्हणून चौघाचौघांनी हात धरून साखळी करायची आणि साखळीनं एकत्र उडायचं. शब्द सांगितल्यावर मी दहा आकडे मोजतो, तेवढ्यात आपसांत ठरवा. गुण उडीला नाही, उडी का मारली या उत्तराला. आणि उत्तर कोण देणार ते चिठ्ठी काढून ठरतं, त्यामुळे हुशार पोरीला बाकीच्या तिघांना पटवून द्यावंच लागतं. तिच्या जिवावर बसून राहायची सोय नाही.

त्या दहा आकड्यांत जी कुजबुज चालते ना, मला हवी असते ती तेवढीच. "पुढे ला लागलाय, म्हणून ऱ्हस्व." "मग नदीला कसं?" "नदीत दी शेवटी आहे, शेवटी असलेला दीर्घच राहतो." हे दुसरीतलं पोर चौथीतल्या पोराला विचारतंय आणि चौथीतलं डोकं खाजवून सांगतंय. मी फळ्यापुढे उभा राहून हेच सांगितलं असतं तर अर्धी पोरं खिडकीतून होड्या मोजत बसली असती. म्हणून कुठलाही खेळ घ्यायच्या आधी मी एकच पारखतो : उत्तर देण्याआधी गटाला भांडावं लागतंय का? लागत नसेल तर तो खेळ करमणुकीला चांगला, शुद्धलेखनाला नाही.

याच कारणानं संगीत खुर्चीच्या जातीचे, ‘चुकला तो बाद’वाले सगळे खेळ मी बंद ठेवलेत. बाद आधी कोण होणार? ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त, तोच. मग तो पायरीवर बसून उरलेल्यांचा सराव बघणार! सांग, हा कुठला न्याय? तुझ्या लेकीच्या स्पर्धेकडे मी पुढे येतोच.

लगोरी आम्ही कौलांच्या तुकड्यांची खेळतो. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ तुला आठवत असेल. इकडे सुपारीच्या वाड्या झोपल्या, घराघरावरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. त्यातले तुकडे परसात अजून पडलेले असतात. एकेका तुकड्यावर खडूनं एक अक्षर लिहायचं. आमचा आवडता शब्द ‘मिठागरावरून’, बरोब्बर सात अक्षरं, सात कौलं. पण ढिगात मी दोन परकी कौलंही सोडतो, एक ‘मी’ आणि एक ‘रु’. चेंडूनं लगोरी फोडायची आणि मग ती शब्दाच्या क्रमानं खालपासून रचायची, परकं कौल बाहेर ठेवून. आमच्याकडे एक पोरगा आहे, वाचायला लावलं की त्याचे कान लाल होतात, पण नेम असा की पहिल्या चेंडूत लगोरी भुईसपाट. तो फोडतो, मग त्याचा गट त्याला सोडून रचूच शकत नाही, कारण तो ओरडत असतो, "अरे, ‘रून’ दीर्घ! वरून, खालून, तिकडून, सगळे दीर्घ!" हे त्याला कुणी शिकवलं? लगोरीत हरायचं नव्हतं म्हणून त्यानं स्वतः जमवलं.

खो-खोचा फळाही बरा चालतो. गट फळ्यापुढे रांगेत बसतो, एकानं एकच अक्षर लिहायचं आणि खडू पुढच्याला देताना ‘खो’ म्हणायचं. पुढच्याला दोन मुभा : नवं अक्षर जोड किंवा आधीच्याचं एक अक्षर दुरुस्त कर. दोन्ही एकदम नाही. याहून जास्त यात काही नाही, पाऊस फार असला की वर्गातल्या वर्गात तासाला बरा.

बोलीच्या अडचणीवर सगळ्यात उपयोगी पडलं ते टपाल. हे पोरांनीच ठेवलेलं नाव. बाहेर आंब्याच्या बुंध्याला एक कागद टाचलेला, त्यावर तीन वाक्यं. गटातला एक पोस्टमन. त्यानं धावत जायचं, वाचायचं, डोक्यात घेऊन यायचं आणि आत बसलेल्या लिहिणाऱ्याला सांगायचं. पोस्टमननं पेन्सिलीला हात लावायचा नाही, लिहिणाऱ्यानं जागचं उठायचं नाही. पोस्टमन धापा टाकत सांगतो, ‘तलं’. लिहिणारा अडतो, "लसणाचा ल की बाळाचा ळ?" पोस्टमन पुन्हा धावतो, आता त्याचे डोळे फक्त त्या एका अक्षरावर. तोंडातून काही येवो, लिहिताना विचारायचं असतं, ही सवय याच खेळानं लागली. पेन्सिल मात्र मी मुद्दाम गटातल्या कच्च्या पोराच्या हातात देतो. पक्क्यांनी तोंडानं हवं तेवढं सांगावं, कागदाला शिवायचं नाही. नाही तर गट नावाला उरतो आणि काम एकटा करतो. तुमच्या ऑफिसातही असंच असतं ना?

आता लिलाव. ही कल्पना माझ्या डोक्यातली मुळीच नाही. इंग्रजी शिकवणारे लोक वाक्यांचे लिलाव पूर्वीपासून करत आलेत. पण इथे तिला जो रंग चढला तो बंदरामुळे. आमच्या मुली आईबरोबर पहाटे बंदरावर जातात. टोपली समोर आली की कल्ले उघडून आत लाल आहे का बघतात, डोळा फुगीर आहे का बघतात, बोटानं दाबतात, आणि मगच आई बोली लावते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर गप्प असतं. मग लिलाव शाळेत.

जमिनीवर दहा-बारा चिठ्ठ्या मांडतो, प्रत्येकीवर एक शब्द. काही ताजे, काही नासके. बोंबलाचे, पूलावर, दुधात, विहीरीत, शिडाला, आणी, कापसाचा, असे मिसळून. प्रत्येक गटाला वीस शिंपल्या. दोन मिनिटं ‘कल्ले बघायला’, म्हणजे शब्दावर बोटं ठेवून आपसांत कुजबुजायला. मग एकेका शब्दाची बोली. लिलाव पुकारायला एक चौथीतली मुलगी आहे, तिचा सूर तू ऐकच एकदा, मला माझ्याच वर्गात गिऱ्हाईक झाल्यासारखं वाटतं. ताजा शब्द घेतला तर दुप्पट शिंपल्या परत, नासका घेतला तर बुडाल्या. पण एक वाट ठेवलीये. नासका शब्द घेणाऱ्या गटानं तो दुरुस्त करून कारण सांगितलं, तर निम्म्या शिंपल्या परत मिळतात. न खपलेली मासळी वाळवतात ना, तसं पोरं याला ‘सुकवणं’ म्हणतात.

‘बोंबलाचे’वर पहिल्यांदा जे रण माजलं! एका गटाचं म्हणणं, बोंबील आहे तर ‘बोंबिलाचे’ हवं, विहीर-विहिरीत सारखं. दुसऱ्या गटातली बुटकी पोरगी उठली आणि म्हणाली, "घरी कोण बोंबिलाचं कालवण म्हणतं? बोंबलाचंच म्हणतात ना!" मग कुणीतरी लाकूड-लाकडाची काढलं, कापूस-कापसाचा तर समोर चिठ्ठीवरच होता. ई-ऊ काही शब्दांत ऱ्हस्व होतो आणि काहींत नाहीसाच होतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात रुक्ष तळटिपेसारखं येतं. इथे ते घरच्या कालवणातून निघालं. आणि बघ, त्या पोरीला त्या दिवशी घरच्या बोलीनं जिंकवलं. एरवी आम्ही मास्तर लोक तिला बोलीमुळे चुकते असंच सांगतो.

लिलावातून मला स्वतःला जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही. श्रुतलेखनात बरोबर किंवा चूक एवढंच दिसतं. लिलावात पोरांची शंका मोजता येते. एखाद्या बरोबर शब्दावर सगळे गट एकेका शिंपलीपलीकडे जात नाहीत, याचा अर्थ तो कुणालाच पक्का नाही. वहीत त्यातल्या निम्म्यांनी तो नशिबानं बरोबर लिहिला असता आणि मी पुढच्या धड्याकडे वळलो असतो. उलट ‘आणी’वर दोन गट सगळ्या शिंपल्या ओततात, तेव्हा कळतं की ही चूक किती आत्मविश्वासानं बसलीये. दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते मी शिंपल्या मोजून ठरवतो.

लिलावाला जपावं लागतं हेही सांगतो. चुकीचं रूप डोळ्यांपुढे ठेवणं धोक्याचं आहे, ते डोळ्यांत बसू शकतं. म्हणून पहिली-दुसरीच्या पोरांना नासके शब्द मी दाखवत नाही, ती कौलं रचतात नाही तर शिंपल्या सांभाळतात. मोठ्यांनी नासकी चिठ्ठी लिलाव संपताक्षणी लाल खडूनं दुरुस्त करून भिंतीला लावायची, तशीच जमिनीवर पडू द्यायची नाही. आणि कुठल्याही खेळानंतर दहा मिनिटं सगळे गप्प, आजच्या शब्दांतले दोन-तीन घेऊन प्रत्येकानं स्वतःची वाक्यं लिहायची. हे गाळलं तर खेळात पुलावर उडी मारणारं पोर निबंधात ‘पूलावर’ उभं राहतं. मी तरी खेळानं शुद्धलेखन आपोआप सुधारतं असं म्हणणाऱ्यांतला नाही. खेळ भांडण लावून देतो. भांडण संपल्यावर हात लिहिता हवा.

पालकांची कुरकुर असतेच. एक बाबा येऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगी घरी येऊन सांगते, आज शाळेत लिलाव केला. तो तर आम्ही रोज करतो, शाळेत कशाला पाठवायची?" मी त्यांना तिथेच बसवलं आणि एक चिठ्ठी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, आणि मग पोरीलाच हाक मारली. त्यानंतर तक्रार नाही, आता वाळलेल्या शिंपल्यांची पिशवी तेच पाठवतात.

पोरं प्रश्न कुठून काढतील याचा नेम नसतो. ‘गुरुजी’ ऱ्हस्व का, हा एकाचा प्रश्न, कारण ‘गुरू’ एकटा लिहिला की दीर्घ. मी म्हटलं, पुढे जी आला म्हणून. "मग गुरूला? तिथेही पुढे ला आलाय की!" गप्प बसवायचा मोह झाला, पण बरोबर विचारत होता. मग फळ्यावर एका बाजूला गुरूला, गुरूने, गुरूचा आणि दुसऱ्या बाजूला गुरुजी, गुरुवार, गुरुकुल असे मांडले आणि गटांना म्हटलं, फरक तुम्ही शोधा. ‘ला-ने-चा’ नुसते चिकटतात आणि दुसरीकडे जोडून नवाच शब्द होतो, हे त्यांनी मधल्या सुट्टीपर्यंत काढलं. जोडशब्दात संस्कृतातला मूळचा ऱ्हस्व परत येतो, एवढीच भर मी घातली. दुसऱ्या एकीनं तर आजोबांचं जुनं पत्र आणलं, त्यात ‘नांव’, ‘गांवांत’, ‘केलें’. "आजोबा नापास का?" मी म्हटलं, नाही गं, आजोबा तेव्हाच्या नियमानं पास. न उच्चारले जाणारे ते टिंब १९६२च्या नियमांनी काढले. तेव्हापासून पोरं नियमांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. माणसांनी बसून ठरवलेले आहेत म्हटल्यावर एकानं लगेच महामंडळाला पत्र लिहायची तयारी दाखवली, ऱ्हस्व-दीर्घ काढूनच टाका म्हणून. पत्रात चुका नकोत, एवढीच अट मी घातली. पत्र अजून यायचंय.

आता तुझ्या लेकीचं. तिची स्पर्धा अमेरिकेतल्या त्या जुन्या ‘स्पेलिंग बी’ स्पर्धेच्या वळणाची दिसते. तिथे १९२५पासून ती चालू आहे. आपल्याकडे तिचं वेड चढलं ते भारतीय वंशाची मुलं तिथे जिंकायला लागल्यावर, पहिला बालू नटराजन, १९८५ साली. मंचावर एकटं मूल, चुकलं की घंटा. ती घंटा मला मुळीच आवडत नाही. पण त्या स्पर्धेतली एक गोष्ट मी तिच्यासाठी उचलीन : तिथे मुलाला शब्दाचा अर्थ, तो कुठल्या भाषेतून आला आणि वाक्यात कसा येतो, हे विचारायची मुभा असते. तो फ्रेंच की लॅटिन की ग्रीक, यावर इंग्रजीतलं निम्मं स्पेलिंग ठरतं, जसं आपल्याकडे संस्कृत की मराठी यावर. ती एकटी पाठ करते तेव्हा हे विचारायला समोर कुणी नसतं.

म्हणून असं कर. सोसायटीतल्या तीन-चार पोरी जमव. शब्द तिच्याच पुस्तकातले घे, मुके पाहुणे असलेले आधी, म्हणजे ‘वेन्स्डे’मधला डी, ‘रिसीट’मधला पी, ‘नाइफ’चा के. निम्म्या चिठ्ठ्या नासक्या लिही. दोन-दोन पोरींचा गट कर, एकटीला बोली लावू देऊ नकोस, आणि लिलाव तू पुकारू नकोस, तुझा आवाज ऐकून सगळी पळतील. त्या कुजबुजत असताना मध्ये बोलू नकोस, हे तुला सगळ्यात जड जाणार आहे. आणि पोरीनं कुठल्या शब्दावर एकच शिंपली लावली ते गुपचूप टिपून ठेव. स्पर्धेआधी तेवढेच शब्द बघायचे, अख्खं पुस्तक नाही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. गणपतीला येशील तेव्हा एक दिवस आधी ये, म्हणजे शाळा चालू असतानाच पुकारणारीचा सूर ऐकायला मिळेल.

तुझाच,
मास्तर

ता. क. शिंपल्या इथून पाठवतोय, धुऊन वाळवल्यात. तरी वास आला तर उन्हात ठेव, अत्तर मारू नकोस.